मेलेल्या माकडाची नोंद कोणत्या राज्यात?

चोर्ला घाटाच्या परिसरात गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तीन राज्यांच्या हद्दी एकमेकींना भिडतात. तेथील रानात उद्या एखादे वानर मरून पडले, तर त्याची वर्दी कोणी कोणास द्यावयाची? प्रश्न क्षुल्लक, किंबहुना थट्टेचा वाटेल. परंतु त्याच्या उत्तरावर सत्तरी, दोडामार्ग आणि खानापूर या तालुक्यांतील कष्टकऱ्यांचे प्राण अवलंबून आहेत. माकडतापाची पहिली दवंडी बहुधा माकडच आपल्या मरणाने पिटते. ती ऐकावयाची की कानाआड करावयाची, हे मात्र माणसाच्या हाती असते.

१९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरू लागली आणि भोवतालच्या गावांत माणसे तापाने अंथरुणास खिळली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील, शास्त्रज्ञांनी या रोगाचा विषाणू शोधून काढला. प्रारंभी पीतज्वराची शंका होती; निघाला तो रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद. कन्नडात त्यास ‘मंगन कायिले’ म्हणतात, आपण माकडताप म्हणतो. कित्येक दशके तो कर्नाटकातच राहिला. पुढे २०१२ मध्ये चामराजनगर, २०१३ मध्ये केरळातील वायनाड, २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील केर असा सह्याद्रीच्या दोन्ही टोकांकडे त्याचा पल्ला वाढत गेला. त्याच २०१६ साली बेळगाव जिल्ह्यातून गोव्याच्या काजूबागांत कामास गेलेले मजूर हा ताप अंगात घेऊन परतले. रोग एका राज्यात जडला आणि रोगी दुसऱ्या राज्यात निजला!

नाव माकडाचे असले तरी खरा वाहक गोचीड होय. तिची पिल्ले उंदीर, चिचुंद्री, खार अशा लहान प्राण्यांच्या आणि माकडांच्या रक्तावर पोसतात. वाढलेल्या गोचिडी गुरांच्या अंगास चिकटतात. गुरे स्वतः या रोगाने आजारी पडत नाहीत, पण रानात चरताना गोचिडींची संख्या वाढविण्यास हातभार लावतात. माकड मात्र माणसाप्रमाणेच बळी पडते, आणि ते मेले की त्याच्या अंगावरील विषाणूग्रस्त गोचिडी भोवतालच्या पाचोळ्यात पसरतात. म्हणूनच मेलेल्या माकडाच्या सभोवार सुमारे ५० मीटरपर्यंतच्या जागेत कीटकनाशक टाकण्याची पद्धत आहे. ही वर्दी आठ दिवसांनी पोहोचली, तर तिचा उपयोग तो काय?

या गोचिडीच्या अर्धवाढ पिल्लांचा सुळसुळाट नोव्हेंबरपासून मेपर्यंत असतो. काजू वेचण्याचा, सरपण आणि पाचोळा गोळा करण्याचा काळही नेमका हाच. अशा वेळी ‘रानात जाऊ नका’ हा उपदेश कचेरीतील खुर्चीस शोभतो. ज्याची चूल रानावर पेटते त्यास तो कसा पाळता यावा? ताप एकाएकी चढतो, डोके आणि अंग असह्य दुखते, कित्येकांस रक्तस्राव होतो. काहींना बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप येऊन मेंदूवर परिणाम होतो. शेकडा ३ ते ५ रोगी दगावतात. एका माणसाकडून दुसऱ्यास तो जडत नाही, हीच काय ती दिलाशाची गोष्ट. यावर रामबाण औषध नाही. जुनी लस पुरेसे संरक्षण देत नसल्याने २०२२ मध्ये कर्नाटकाने ती देणे थांबविले. तेव्हा वेळीच मिळालेली सूचना आणि वेळीच झालेली शुश्रूषा हीच आज आपली ढाल होय.

सार्वजनिक आरोग्य हा घटनेने राज्यांकडे सोपविलेला विषय आहे, असे उत्तर यावर मिळेल. ते आम्हांस ठाऊक आहे. पण तीन जिल्ह्यांच्या आरोग्याधिकाऱ्यांनी एकमेकांना त्याच दिवशी कळवावे, यास घटनेने कोठे मज्जाव केला आहे? प्रत्येक राज्य आपापली वही चोख ठेवीलही. परंतु सत्तरीतील वहीत नोंदलेले माकड खानापूरच्या डॉक्टरास ठाऊक नसेल, तर काजूबागेतून परतलेल्या मजुराचा ताप तो हिवताप समजून बसेल. रक्ततपासणी पहिल्या काही दिवसांतच करावी लागते. ते दिवस साध्या गोळ्यांवर गेले, की डॉक्टरही हताश आणि घरचेही हताश.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. माकडाच्या मृत्यूची वार्ता तिन्ही बाजूंच्या आरोग्य केंद्रांस त्याच दिवशी मिळावी. ती देणाऱ्या गावकऱ्यास चौकशीच्या फेऱ्यात न अडकविता त्याचे आभार मानावेत. सीमेवरील प्रत्येक केंद्रात तापाच्या रोग्यास, ‘गेल्या पंधरवड्यात कोणत्या रानात, कोणत्या बागेत होतास?’ हा प्रश्न विचारलाच जावा. बागमालकाने मजुरास अंगभर कपडे, बूट आणि गोचीडरोधक तेल स्वखर्चाने द्यावे, आणि आजारपणात त्याची मजुरी बुडू देऊ नये. काजूचा नफा बागेच्या धन्याने घ्यावा आणि ताप मजुराने घरी न्यावा, ही वाटणी कोणत्या न्यायात बसते?

यातील कशासही मोठा निधी लागत नाही. एक दूरध्वनी, एक सामाईक वही आणि तीन अधिकाऱ्यांची महिन्यातून एक बैठक, इतकेच. पावसाळा सरला, की गोचीड आपल्या कामास लागेल. तिने कोणत्याही सरकारची परवानगी मागितलेली नाही. तिन्ही सरकारांनी त्यापूर्वी एकत्र बसावे. अन्यथा पुढच्या हंगामात मेलेल्या माकडाची वर्दी मेलेल्या माणसाकडून घेण्याची पाळी येईल.