पाणी रुळांवर आणले कोणी?

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबईच्या लोकल जागच्या जागी थांबल्या. पावसाला दोष देऊन साऱ्यांनी हात झटकले! मिठी नदीच्या खाजणात भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभारले, ते काय पावसाने? गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसापुरती आहेत, ती ५० ची करा, असे ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ सालीच बजावले होते. बारा वर्षे घोंगडे भिजत ठेवले. नदीकाठच्या झोपड्या मात्र लगेच डोळ्यांत खुपल्या. त्या रात्री पाण्यात रूळ चाचपत होते ते आमचे गँगमन. पाणी कुठे तुंबते, हे आम्हाला तोंडपाठ आहे. विकास आराखडा करताना आम्हाला विचारतो कोण? आराखड्याच्या समितीवर कामगार प्रतिनिधी घ्या, ही आमची मागणी आहे.