देशोदेशींचे आचार आणि आपला धम्म



दीक्षित कुटुंबात पहिले मंगलकार्य निघाले की एक प्रश्न हटकून विचारला जातो : खरी बौद्ध रीत कोणती? सिंहली, ब्रह्मी की जपानी? प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु धम्म एक म्हणून आचारही सर्वत्र एकच असले पाहिजेत, ही समजूत त्याच्या मुळाशी आहे. ती बरोबर नव्हे.

जपानात 1872 मध्ये सरकारने भिक्षूंच्या विवाहावरील बंदी उठविली. आज तेथील मंदिराचा प्रमुख पत्नी-मुलांसह राहतो आणि त्यात कोणास वावगे वाटत नाही. श्रीलंकेत मात्र चीवरधारी भिक्षूने संसार थाटलेला उपासकांना खपणार नाही. ब्रह्मदेशात मुलगा काही दिवसांपुरता श्रामणेर होतो, तो घरातील सर्वांत मोठा सोहळा असतो. या तिन्ही देशांतील लोक बौद्धच आहेत. प्रत्येक समाजाचे संस्कार त्याच्या इतिहासाने घडविले आहेत.

मग कोणतीही चाल चालेल काय? मुळीच नाही. श्रीलंकेत 1753 मध्ये सयामच्या भिक्षूंनी खंडित झालेली उपसंपदा पुन्हा सुरू केली. पुढे ती गोविगम या वरच्या मानलेल्या जातीपुरती राखण्यात आली. तेव्हा इतर जातींतील श्रामणेरांनी ब्रह्मदेशातील अमरपूर गाठले, तेथे उपसंपदा घेतली आणि मायदेशी परतून 1803 मध्ये अमरपूर निकाय स्थापिला. ज्या भगवंतांनी उपाली न्हाव्यास संघात घेतले, त्यांच्याच संघात जात शिरली! तात्पर्य, एखादी चाल बौद्ध देशातील आहे एवढ्याने ती धम्म ठरत नाही. समता हीच तिची कसोटी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी नागपुरास दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत आपण समतेचीच प्रतिज्ञा घेतली आहे.

आता हीच कसोटी आपल्या घरास लावा. वधूने पांढरी साडी नेसावी की रंगीत, हा आवडीचा प्रश्न आहे. पण सोयरीक जमविताना सोमवंशी की लाडवण, अशी चौकशी करणे हा प्रतिज्ञाभंग होय. हुंडा देणारा आणि घेणारा, दोघेही 1961 च्या कायद्याने अपराधी आहेत. बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. तरीही माहेर तुटू नये म्हणून बहिणी मुकाट्याने हक्कसोडपत्रावर सही करतात आणि भाऊ त्यास रीत म्हणतात. वाचकहो, वंदना म्हणून उठल्यावर बहिणीसमोर तो कागद ठेवणाऱ्याने आपण नेमके काय सोडून आलो, हे स्वतःला विचारावे.

देव्हारा एका दिवसात हलविता येतो. मनातील उच्चनीच भाव हलविण्यास पिढी लागते. ती पिढी आपली असावी.

जय भीम!