बाहेर काहीच मिळत नाही, हे ठरवलं कोणी?

सुट्ट्या लागल्या की माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या नावांनी येतो. "दादा, इमॅजिकाला येतोय, बाहेर जेवायला काही बरं आहे का?" त्याच्या खाली कोणीतरी आधीच उत्तर देऊन मोकळा झालेला असतो : "बाहेर काही नाही हो, आतच खा, नाहीतर फूडमॉलला थांबा."

या "बाहेर काही नाही"वर आज लिहितोय. पोस्ट मोठी आहे. कंटाळा येत असेल तर सोडून द्या, पण खालापूर तालुक्यातले असाल तर शेवटपर्यंत वाचाच, कारण अर्धी पोस्ट आपल्याच विरोधात आहे.

आधी भूगोल. इमॅजिका २०१३ साली सुरू झालं, सांगडेवाडीला, खोपोली-पाली रस्त्यावर. एका बाजूला सुमारे दहा किलोमीटरवर खोपोली, कारखान्यांचं आणि तीन पाळ्यांत जेवणाऱ्या माणसांचं गाव. दुसऱ्या बाजूला पाली, बल्लाळेश्वराचं. हायवेकडे वळलात तर महडचा वरदविनायक. म्हणजे अष्टविनायकातले दोन गणपती या पट्ट्यात आहेत आणि भाविक इथे कित्येक पिढ्या येतायत. ते काय उपाशी परत जात होते? जिथे गिरणगाव, देवस्थान आणि घाट एकत्र येतात तिथे खायला काही नाही असं म्हणणाऱ्याने गाडीची काच खाली केलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ.

आता "लूट आहे लूट" वाल्यांसाठी. पार्कच्या आतल्या दरांवर दर सुट्टीत रडारड होते. पार्क हा धंदा आहे. माणूस दिवसभर आत राहावा, आतच खावा, ही जगातल्या प्रत्येक थीम पार्कची रचना असते. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही चित्रपटगृहांच्या बाबतीत सांगितलं की मालकाला बाहेरचं खाणं आत आणायला मनाई करता येते, पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यावं लागतं. निकाल थिएटरपुरता आहे, पण हवा कुठल्या दिशेने वाहते ते कळतं. म्हणून माझं भांडण आतल्या बर्गरशी नाही. दुपारचं एक जेवण आत होणार, हे धरून चाला. पण सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण तर तुमच्या हातात आहे? जे दोन दिवस मुक्काम करतात त्यांच्या हातात तर त्याहून जास्त आहे. तेही आपण फूडमॉलच्या ट्रेवर घालवतो. भांडण त्याच्याशी आहे.

हे आपल्यासोबत पहिल्यांदा होत नाहीये. एक्सप्रेसवे २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला. त्याआधी मुंबई-पुण्याची प्रत्येक गाडी खोपोलीतून जायची. बोरघाट चढायच्या आधी इंजिन गार करायचं, रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं आणि तेवढ्यात माणसांनी वडा-चहा घ्यायचा, ही पद्धतच होती. जुन्या हायवेवरचा रमाकांतचा बटाटेवडा याच थांबण्यातून मोठा झाला. मग गाड्या वरून जायला लागल्या. ज्यांचं नाव झालं होतं ते टिकले, ज्यांचं नाव व्हायचं होतं त्यांनी शटर ओढलं. त्यानंतर अकरा वर्षांनी पार्क आलं आणि गिऱ्हाईक परत आपल्या दारावरून जायला लागलं. ही दुसरी संधी होती. तिचं आपण काय केलं?

आपण बोर्ड बदलले.

खोपोलीहून पालीकडे जाताना एकदा नुसते बोर्ड वाचत जा. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, तंदूर, पावभाजी. फार मराठी बाणा दाखवायचा असेल तर "मालवणी थाळी" नाहीतर "अस्सल कोल्हापुरी". अहो, आपण रायगडात राहतो! मालवण कुठे, कोल्हापूर कुठे! आगरी घरातलं मटण आणि तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट, कुळथाचं पिठलं, हे घरोघरी शिजतं आणि बोर्डावर नाव दुसऱ्याच जिल्ह्याचं. मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं : "साहेब, गिऱ्हाईक मागत नाही." गिऱ्हाईकाला विचारावं तर : "मिळतच नाही हो कुठे." दोघंही खरं बोलतात आणि मधल्या मधे आपलं जेवण मरतं.

आणि हे म्हणे "इंटरेस्टिंग" नाही. पोपटी घ्या. भात कापून झाल्यावर त्याच ओलीवर वाल पेरतात, थंडीत शेंगा भरतात. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, मीठ, मधे अंडी, मसाला लावलेलं चिकन, वर परत पाला ठासायचा. मडकं शेतात उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेलाचा थेंब नाही. मुलांना अनुभव म्हणून राइडवर बसवता ना? एकदा या जाळाभोवती बसवून बघा. ज्यात त्यांनी स्वतः शेंगा भरल्यात ते मडकं फुटेपर्यंत मुलं जागची हलत नाहीत.

पावसाळ्यात या. पहिल्या पावसात शेवळं येतात, काकडं घालून केली नाहीत तर घसा खाजवतो, म्हणजे ती करायलाही माणूस जाणकार लागतो. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कवला, कंटोली. कातकरी आणि ठाकूर बायका पहाटे रानात जाऊन हे खुडतात आणि बाजारात गोणपाटावर वाटे लावून बसतात. शहरात "वाइल्ड फूड फेस्टिव्हल" नाव दिलं की हेच खायला लोक आधी बुकिंग करून येतात. इथे त्याच बाईशी वाट्यामागे पाच रुपये कमी कर म्हणून घासाघीस करतात.

बचतगटांचंही तेच. मुंबईत बांद्र्याला महालक्ष्मी सरस भरतं, राज्यभरातल्या बचतगटांच्या बायका तिथे भाकऱ्या थापतात आणि मुंबईकर रांग लावतो. हाच मुंबईकर शनिवारी आपल्या गावांवरून साठच्या स्पीडने निघून जातो. बाईने तवा घेऊन बांद्र्याला जायचं, आणि तिच्या दारात आलेल्या माणसाने फ्रोझन पिझ्झा खायचा. यात कुणाचं डोकं ठिकाणावर आहे ते सांगा.

आता काही जण म्हणतील, स्वच्छतेचं काय? बरोबर आहे, आणि हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. लहान मुलं, म्हातारी माणसं, बायका सोबत असताना माणूस आधी संडास बघतो, मग मेन्यू. फूडमॉल जिंकतो तो चवीवर नाही, धुतलेल्या टॉयलेटवर आणि गाडी लावायच्या जागेवर. आपल्या हॉटेलवाल्यांनी हे लिहून भिंतीवर लावावं. झाकलेलं पाणी, साबण, कडी लागणारं दार, एवढ्यासाठी लाखो रुपये लागत नाहीत. पण एक सांगा, एसी आहे म्हणजे स्वच्छ आहे, हे कुठे शिकलो आपण? ज्या खानावळीत पन्नास डबे रोज त्याच कामगारांना जातात, तिथलं जेवण एक दिवस बिघडलं तर दुसऱ्या दिवशी पन्नास माणसं दारात उभी राहतात. आज आला नि उद्या गेला अशा गिऱ्हाइकाच्या जिवावर चालणाऱ्या काउंटरला ती भीती नसते.

दुसरे म्हणतील, शोधायचं कसं? मोबाइलवर तर काही दिसत नाही. दिसणार नाहीच. मोबाइल तुम्हाला तेच दाखवतो जिथे तुमच्यासारखेच लोक जाऊन आलेत. खानावळीत जेवणारा फिटर पाच तारे देत बसत नाही, तो दुसऱ्या दिवशी परत येतो. तेच त्याचं रेटिंग. म्हणून जुनी पद्धत वापरा :

१. पार्कमध्ये राइडवर उभ्या असलेल्या, झाडू मारणाऱ्या, गेटवरच्या पोरापोरींना विचारा, "तू सुट्टीच्या दिवशी कुठे खातोस?" यातली बरीच मुलं आजूबाजूच्या गावांतली असतात. "चांगलं हॉटेल कुठलं" असं विचारू नका, मग ते तुम्हाला एसीवाल्याकडे पाठवतील. त्यांना वाटतं तुम्हाला तेच हवंय.

२. रिक्षावाले, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, पाळी सुटलेले कामगार जिथे थांबतात तिथे थांबा.

३. मेन्यूकार्ड मागू नका. "आज काय केलंय?" विचारा. दोनच गोष्टी सांगितल्या तर बसा. दीडशे पदार्थ असतील तर फ्रीज मोठा आहे असं समजा.

४. वेळ पाळा. खानावळ दुपारी बारा ते दोन. तीनला गेलात तर भांडी घासलेली दिसतील आणि तुम्ही म्हणाल, बघा, काही मिळत नाही.

५. आदल्या दिवशी फोन करा. पोपटी, गावठी कोंबडी, बिरडं ही ऐनवेळी होणारी कामं नाहीत. कडवे वाल भिजवून, मोड आणून, सोलायला दोन दिवस जातात. "दहा मिनिटांत द्या" म्हणणाऱ्याने नूडल्स खावेत.

६. पालीला गेलात तर दर्शन झाल्यावर बाजारातून चक्कर मारा. पोह्याचे पापड, मिरगुंडं, कोकम घ्या आणि विकणाऱ्या बाईलाच विचारा, जेवायला कुठे जाऊ. तिला माहीत असतं कुणाचा हात चांगला आहे.

रील करणाऱ्या भावांना आणि ताईंना पण हात जोडून एक विनंती. "हिडन जेम" म्हणून व्हिडिओ टाकता, हरकत नाही. पण चार टेबलांच्या बाईकडे "आम्ही प्रमोशन करतो" म्हणून फुकट जेवू नका. तिचं दिवसाचं उरतं किती आणि तुमचं ताट केवढ्याचं, याचा हिशोब करा. पैसे द्या, मग मोबाइल काढा.

राहिले आपले लोकप्रतिनिधी. स्वागताच्या फ्लेक्सवर दाढीवाले फोटो लावायला नाक्या-नाक्यावर जागा मिळते, मग बचतगटाच्या स्टॉलला एक कोपरा मिळायला काय अडतं? मागणी साधी आहे. खोपोली नगरपालिका आणि या रस्त्यावरच्या ग्रामपंचायतींनी मिळून तीन गोष्टी कराव्यात : सुट्टीच्या दिवसांत स्थानिक जेवणाला ठरलेली जागा, शेजारी पाणी असलेलं स्वच्छतागृह, आणि रस्त्यावर दिशा दाखवणारा एक बोर्ड, ज्यावर नेत्याचा फोटो नसेल. अन्नपदार्थांची सरकारी नोंदणी करून द्यायला कुणी शिकलेला पोरगा बसवा, फॉर्म ऑनलाइन आहे, पण बाईला तो भरता येत नाही म्हणून ती परवान्याला घाबरते. पार्कवाल्यांनाही विचारा. आत इतके काउंटर आहेत, एका काउंटरवर तांदळाची भाकरी आणि बिरडं ठेवून बघा, तालुक्यातल्या गटाकडून घ्या. तुमचं काही जाणार नाही.

बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना त्या धनगराने दाखवली आणि त्यांनी त्यालाच मारलं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. गाड्या आजही तिथे नाणं टाकून पुढे जातात. वाट आपल्या माणसाने दाखवायची, माल दुसऱ्याने न्यायचा आणि आपल्या वाट्याला खिडकीतून फेकलेलं नाणं, हे पुन्हा होऊ द्यायचं नसेल तर आधी आपल्या ताटाची लाज वाटणं बंद करा. हॉटेल असेल तर उद्या फळ्यावर खडूने एक ओळ लिहा : आज तांदळाची भाकरी आणि बिरडं. पाहुणे घरी आले तर पनीर मागवू नका.

आणि कमेंटमध्ये नुसतं "सहमत" लिहू नका. खोपोली ते पाली पट्ट्यातली तुमच्या माहितीतली खानावळ, घरगुती जेवण, बचतगट, काय मिळतं, कोणत्या वेळेला, ते लिहा. आधी त्यांना विचारा, मगच नंबर टाका. मी एकेका ठिकाणी जाऊन, पैसे देऊन जेवून येईन आणि पुढच्या सुट्टीआधी यादी इथेच टाकेन. म्हणजे पुढच्या वेळी कोणी "बाहेर काही नाही" म्हणालं की भांडायची गरज नाही. यादी चिकटवायची आणि गप्प बसायचं.