डॉबी सुटला, बाकीच्यांचे काय?

हॅरी पॉटरचे सातही भाग आम्ही शाळा-कॉलेजच्या वयात एकमेकांकडून मागून वाचले. आता समाजशास्त्रात एम.ए. करून आणि काही वर्षे पुण्याच्या वस्त्यांमध्ये काम करून ते पुन्हा वाचायला घेतले, तेव्हा मित्रांनी विचारलेच, "यातही जात आणणार का?"

मित्रांनो, आम्ही काहीच आणलेले नाही. ते तिथे आहेच. शुद्ध रक्ताचा गर्व आहे, हर्मायनीला तिच्या जन्मावरून शिवी आहे. यावर लेखिका तुटून पडते, म्हणून तर आम्हाला ही पुस्तके आपली वाटली.

पण स्वयंपाकघरात चला. हॉगवर्ट्समध्ये शंभरावर एल्फ राबतात. पगार नाही, सुट्टी नाही. कायद्याने त्यांना जादूची छडी हातात धरता येत नाही. ज्ञानाचे साधन कोणाच्या हाती द्यायचे नाही, हे मनुस्मृतीच्या देशात आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

चौथ्या भागात हर्मायनी याविरुद्ध संघटना काढते, तर सगळे हसतात. रॉन म्हणतो, त्यांना हेच आवडते. मुक्त झालेली विंकी दारूत बुडते. डॉबीला डंबलडोर आठवड्याला दहा गॅलिअन देऊ करतात, तर तोच घासाघीस करून एकावर येतो! म्हणजे गुलामच स्वातंत्र्याला घाबरतो, असे कथाच सुचवते. "आमची बाई तर घरातलीच आहे, खूश आहे," असे म्हणून तिचा कप वेगळा ठेवणाऱ्या सोसायट्या आम्ही पाहिल्या आहेत. हा युक्तिवाद तोच.

हर्मायनीचेही चुकले. तिने एल्फांना विचारलेच नाही. त्यांना नकळत कपडे मिळावेत म्हणून विणलेल्या टोप्या कचऱ्याखाली लपवल्या. 1932 मध्ये, याच पुण्यात येरवड्याचा करार झाल्यानंतर, हरिजन सेवक संघ निघाला. त्याच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान हवे, असा बाबासाहेबांचा आग्रह होता. उत्तर मिळाले की हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे. आमच्या मुक्तीची संघटना, आणि तिच्यात आम्हीच नाही!

शेवटी एल्फ लढाईत उतरतात, व्होल्डेमॉर्ट मरतो. आणि त्याच दिवशी दमलेल्या हॅरीच्या मनात येते, क्रीचर सँडविच आणून देईल का? राजवट बदलली, स्वयंपाकघर तसेच राहिले. डॉबी एकटा सुटला, तोही मालकाला फसवून मिळालेल्या एका मोज्यामुळे. एकाची सुटका झाली म्हणजे समाजाची मुक्ती झाली, असे नसते. राखीव जागेवर निवडून आलेल्या एका चेहऱ्याकडे बोट दाखवून "आता काय राहिले?" म्हणणाऱ्यांना हे ऐकवा.

मग ही पुस्तके टाकून द्यायची? नाही. 1873 मध्ये पुण्याच्या जोतीरावांनी 'गुलामगिरी'त काय केले? ज्या दशावताराच्या कथांवर पिढ्या भुलल्या, त्या पुन्हा वाचल्या आणि बळीच्या बाजूने वाचल्या. वामन देव राहिला नाही, बळीचे राज्य लुबाडणारा ठरला. पुनर्वाचनाची ही परंपरा आमची आहे, पुण्याचीच आहे.

तेव्हा तरुणांनो, वस्तीतल्या अभ्यासिकेत हॅरी पॉटर जरूर ठेवा. मुलांना वाचू द्या, रमू द्या. फक्त वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारा: या गोष्टीत आपण कोण? हॅरी म्हणणारे पुष्कळ निघतील. एखादी मुलगी "स्वयंपाकघरातले" म्हणेल. तिथून चर्चा सुरू करा.

जय भीम!