दहा वर्षांची प्रॅक्टिस आणि मास्तरकी

परवा एका सत्कार समारंभात वक्ते म्हणाले, 'दहा वर्षं पेशंट तपासले की शिकवता येतंच, त्यात काय एवढं!' टाळ्याही पडल्या. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचं मत फार वेगळं नसावं. २०२५च्या नियमांनी २२०हून जास्त खाटांच्या सरकारी रुग्णालयांना अध्यापनाचं दार उघडलं आणि दहा वर्षं अनुभव असलेल्या तज्ज्ञाला थेट सहयोगी प्राध्यापक होण्याची सोय केली. कॉलेजं वाढली, मास्तर मिळेनात, हे मलाही कळतं. खटकतं ते 'येतंच'.

प्लीहा तपासण्याचंच घ्या. मुरलेला फिजिशियन डाव्या बरगडीखाली हात घालतो आणि क्षणात सांगतो, वाढलीय. शिक्षकालाही ते जमतं. पण तो विद्यार्थ्याला हात आधी पोटाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ठेवायला लावतो. फार वाढलेली प्लीहा तिथवर उतरते. पोरगं वरूनच सुरुवात करतं, हात नेमका प्लीहेवर असतो आणि वर सांगतं, 'काही लागत नाही, सर!' मग पेशंटला दीर्घ श्वास घ्यायला सांगायचा, बोटं खुपसायची नाहीत, प्लीहेला बोटांपर्यंत येऊ द्यायचं, नाही लागली तर हात थोडा वर सरकवायचा. तज्ज्ञाच्या हातातून या पायऱ्या कधीच गळून गेलेल्या असतात. शिक्षकाला त्या दर बॅचला पुन्हा चढाव्या लागतात, तेही पेशंटला न दुखवता.

हे शिकवायला शिकवतं कोण? शिक्षणतंत्राची मूलभूत कार्यशाळा तीन दिवसांची. चहा, गटचर्चा, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो.

हजेरी मात्र चोख! आधी अंगठा, आता चेहरा आणि जीपीएस. आवारात मोबाइल तोंडासमोर धरून उभे असलेले प्राध्यापक आयोगाला दिसतात. वॉर्डात त्यांनी काय शिकवलं, ते कुठल्या ॲपात दिसतं? आणि १२० दिवसांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर ज्याला राबवलं, त्या सहायक प्राध्यापकाने पुढच्या बॅचचा विचार कशाला करावा?

जिल्हा रुग्णालयांत हाडाचे मास्तर आहेत. तिथल्या इंटर्नना विचारा, नावं सांगतील. ते नेमके निवडायचे तर नेमणुकीआधी उमेदवाराला एक पेशंट, दहा विद्यार्थी आणि अर्धा तास द्या. निवड समितीने मागे उभं राहून मुकाट्याने बघावं. अनुभवाचा दाखला त्यानंतर तपासा.