औषधाची मालकी आणि संवादाचे तास

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये एका नव्या मानसोपचाराला मान्यता नाकारली. युद्ध, बलात्कार, बालपणीचा छळ अशा आघातांनी ज्यांचे मन खोलवर जखमी झाले आहे, अशा रुग्णांना एमडीएमए हे रसायन द्यावयाचे आणि त्याच्या अमलाखाली, तसेच नंतरच्या आठवड्यांतही, प्रशिक्षित उपचारकांनी त्यांच्याशी दीर्घ संवाद साधावयाचा, असे या उपचाराचे स्वरूप होते. परिणामकारकतेचा पुरावा पुरेसा नाही, असा कौल तज्ज्ञांच्या सल्लागार समितीने त्याआधी जून महिन्यात नऊ विरुद्ध दोन मतांनी दिला होता. प्रशासनाने कंपनीला आणखी एक मोठी चाचणी करण्यास सांगितले.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला ही बातमी परदेशातील एका औषधकंपनीच्या नफ्यातोट्याची वाटली तर त्यात नवल नाही. परंतु तिच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो सर्वत्र सारखाच लागू पडतो. मनाच्या दुखण्यातून माणसाला बरे कोण करते, औषध की दुसरा माणूस? आणि ते काम दोघे मिळून करीत असतील, तर त्या दोहोंची किंमत कोणी मोजावयाची?

या उपचाराचा हिशेब मांडला म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. चाचण्यांमध्ये प्रत्येक रुग्णाला तीन वेळा औषधाची बैठक मिळे आणि ती सुमारे आठ तास चाले. त्यापूर्वी तयारीच्या तीन आणि त्यानंतर अनुभवाचा अर्थ लावण्याच्या नऊ बैठका, प्रत्येकी दीड तासाच्या. एका रुग्णामागे हे बेचाळीस तास झाले, आणि त्याच्यासोबत उपचारक दोन. म्हणजे एका जखमी मनासाठी शिकलेल्या माणसांच्या श्रमाचे चौऱ्याऐंशी तास. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत १०४ रुग्ण सहभागी झाले होते. औषध आणि संवाद दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्क्यांना उपचाराअखेर त्या व्याधीचे निदान लागू पडेनासे झाले. मात्र औषधाऐवजी निष्क्रिय गोळी आणि तेवढाच संवाद ज्यांना मिळाला, त्यांच्यातही हे प्रमाण सुमारे ४८ टक्के होते.

हे आकडे सावधपणे वाचावयास हवेत. एमडीएमएसारख्या औषधाचा अंमल लपून राहत नाही. आपल्याला खरे औषध मिळाले की खोटे, हे बहुतेक रुग्ण ओळखतात, आणि आशा-निराशेचा परिणाम निष्कर्षांवर होतो. सल्लागार समितीच्या शंकांपैकी ही एक प्रमुख शंका होती. तरीसुद्धा एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्यांना रसायनाचा कणही मिळाला नाही, त्यांच्यापैकी जवळजवळ निम्मे रुग्ण त्या बेचाळीस तासांनंतर व्याधीच्या व्याख्येबाहेर आले. बातम्या झाल्या त्या रसायनाच्या; त्या तासांची दखल फारशी कोणी घेतली नाही.

औषध आणि संवाद यांच्या या जोडीचा इतिहास समाजवाद्यांनी विशेष आस्थेने वाचावा असा आहे. १९४४ साली कॅनडातील सास्काचेवान या गहू पिकविणाऱ्या प्रांतात टॉमी डग्लस यांच्या नेतृत्वाखाली को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन हा पक्ष सत्तेवर आला. उत्तर अमेरिकेतील ते पहिले समाजवादी सरकार. १९४७ साली त्याने सार्वजनिक रुग्णालय विमा आणला, आणि १९६२ साली, डॉक्टरांच्या तेवीस दिवसांच्या संपाला तोंड देत, सर्वांसाठी वैद्यकीय विमा अमलात आणला. त्याच प्रांतातील वेबर्न येथील रुग्णांनी खच्चून भरलेल्या मनोरुग्णालयात १९५१ साली हंफ्री ऑस्मंड हे इंग्रज डॉक्टर रुजू झाले. स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ साली एलएसडी तयार केले होते आणि १९४३ साली त्याचा मनावरील परिणाम त्यांच्या ध्यानात आला होता. ऑस्मंड आणि त्यांचे सहकारी एब्रॅम हॉफर यांनी १९५३ पासून ते मद्यासक्त रुग्णांना देऊन पाहिले. ‘सायकेडेलिक’, म्हणजे मन प्रकट करणारे, हा शब्दही ऑस्मंड यांचाच.

हे प्रयोग सरकारी सेवेतील डॉक्टरांनी व परिचारिकांनी केले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. रुग्णाला एकटे सोडावयाचे नाही, त्याचा दिवसभराचा अनुभव त्याच्याजवळ बसून ऐकावयाचा, ही त्यांची पद्धत होती. रुग्णाची अवस्था कळावी म्हणून कर्मचाऱ्यांपैकी अनेकांनी ते औषध स्वतः घेऊन पाहिले. क्योशी इझुमी या वास्तुविशारदाने ते घेतले आणि लांबच लांब ओसाड मार्गिका, उघड्यावाघड्या खोल्या मनोरुग्णाला किती भयप्रद वाटत असतील याचा अनुभव घेऊन यॉर्कटन येथील नव्या मनोरुग्णालयाचा आराखडा केला. रुग्णाला वस्तू न मानता त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याची ही वृत्ती त्या काळी दुर्मिळच होती.

या प्रयोगांचे कौतुक करताना त्यांतील उणिवा झाकण्याचे कारण नाही. तुलनेसाठी दुसरा गट न ठेवता काढलेले त्यांचे यशाचे आकडे फुगलेले होते. टोरांटोतील संशोधकांनी ती कसोटी लावावयाचे ठरविले. पण औषधाचा परिणाम निव्वळ स्वरूपात मोजावयाचा म्हणून रुग्णांना पट्ट्याने पलंगाशी जखडून ठेवले. १९६६ साली त्यांनी निष्कर्ष दिला की, औषधाचा विशेष लाभ दिसत नाही. सास्काचेवानच्या डॉक्टरांचे उत्तर सरळ होते. ज्या सहवासात औषध लागू पडते तो सहवासच काढून घेतला, तर मोजले ते काय? पुढे २०१२ साली त्या काळातील सहा नियंत्रित चाचण्यांच्या, एकूण ५३६ रुग्णांच्या, नोंदी एकत्र तपासण्यात आल्या, तेव्हा एलएसडी घेतलेल्यांपैकी ५९ टक्के, तर इतरांपैकी ३८ टक्के रुग्णांच्या मद्यपानात सुधारणा आढळली. फरक खरा होता, चमत्कार मात्र नव्हता.

हे सारे संशोधन थांबले ते केवळ शास्त्रीय कारणांनी नव्हे. अमेरिकेच्या गुप्तहेर संघटनेने १९५३ पासून हीच रसायने बेसावध माणसांवर, त्यांच्या संमतीविना, वापरून पाहिली आणि १९७० च्या दशकात सिनेटच्या चौकश्यांत ते पाप चव्हाट्यावर आले. दरम्यान तरुणांच्या बंडाशी या रसायनांचे नाव जोडले गेले. १९७० साली अमेरिकेने, १९७१ साली संयुक्त राष्ट्रांच्या कराराने आणि १९८५ साली भारताच्या कायद्याने त्यांवर कडक निर्बंध घातले. ज्या राज्यसत्तेने चोरून या औषधांचा गैरवापर केला, तिनेच उघडपणे त्यांच्या सदुपयोगाची वाट अडविली.

आता ती वाट पुन्हा मोकळी होत आहे. मात्र यावेळी दारात सार्वजनिक रुग्णालय नसून भांडवल उभे आहे. मेक्सिकोच्या डोंगराळ भागातील माझातेक जमात शतकानुशतके विशिष्ट अळंबी रोगनिवारणाच्या विधीत वापरीत आली. मारिया साबिना या वृद्ध उपचारिकेकडून ते ज्ञान १९५५ साली गॉर्डन वॉसन या अमेरिकी बँकेच्या उच्चाधिकाऱ्यापर्यंत पोहोचले, आणि तेथून जगभर गेले. त्या अळंबीतील सायलोसायबिन हे द्रव्य हॉफमन यांनी १९५८ साली वेगळे काढले. मारिया साबिना १९८५ साली दारिद्र्यातच वारल्या. पुढे त्याच द्रव्याच्या एका स्फटिकरूपावर कंपास पाथवेज या कंपनीने पेटंट मिळविले. २०२१ साली तिच्या एका पेटंट अर्जावर टीकेची झोड उठली, कारण उपचाराच्या खोलीतील मऊ आसने, सौम्य रंग, इतकेच नव्हे तर उपचारकाने रुग्णाला दिलेला धीराचा स्पर्श, यांवरही त्यात हक्क सांगितलेला होता. भेदरलेल्या माणसाचा हात हातात घेणे हीसुद्धा मालमत्ता ठरू शकते, असे कोणाला वाटावे, यातच या व्यवस्थेचे खरे रूप दिसते.

तरी धोका पेटंटापुरता मर्यादित नाही. औषधाचा कण कारखान्यात लाखोंनी निघतो आणि त्यावर मालकी सांगता येते. संवादाचा तास मात्र प्रत्येक रुग्णासाठी नव्याने द्यावा लागतो आणि त्याचे वेतन मोजावे लागते. म्हणून नफ्याच्या हिशेबात औषध ही मिळकत आणि संवाद हा खर्च ठरतो. आणि खर्च कमी करणे हा बाजाराचा धर्मच आहे. केटामाइनचे उदाहरण समोर आहे. भूल देण्याचे हे स्वस्त औषध १९७० पासून वापरात आहे. त्यावर आज कोणाची मक्तेदारी नाही. त्याच्याच रेणूचे एक रूप नाकात फवारण्याच्या स्वरूपात २०१९ साली नैराश्यावरील नवे औषध म्हणून अमेरिकेत मान्य झाले. २०२४ या एका वर्षात त्याची विक्री एक अब्ज डॉलरच्या वर गेली. औषधानंतर रुग्णावर किमान दोन तास देखरेख ठेवण्याचे बंधन त्याला आहे. त्याच्याशी बोलण्याचे नाही.

रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. या औषधांच्या अमलाखाली माणूस विलक्षण मोकळा होतो, त्याचप्रमाणे विलक्षण असहायही होतो. कॅनडातील एका चाचणीत उपचारकांनी रुग्ण स्त्रीशी केलेले गैरवर्तन उघडकीस आले, आणि २०२४ साली एका शास्त्रीय नियतकालिकाने एमडीएमएसंबंधीचे तीन निबंध मागे घेतले. उपचारकाचे शिक्षण, त्याच्यावरील देखरेख, रुग्णाची तक्रार ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा यांची व्यवस्था कंपनीच्या सदिच्छेवर सोपविता येत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून अधिकृत मनोविकारतज्ज्ञांना ही औषधे देण्याची परवानगी दिली, तेव्हा एका रुग्णाच्या खर्चाचे अंदाज हजारो डॉलरांच्या घरात होते. श्रीमंताला औषध आणि संवाद दोन्ही, मध्यमवर्गीयाला नुसते औषध आणि गरिबाला नुसती बातमी, अशी ही वाटणी होऊ घातली आहे.

भारतात या औषधांची घाई करावी असा याचा अर्थ नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार वेगवेगळ्या मनोविकारांतील सुमारे ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते, आणि मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण लाख लोकसंख्येमागे एकही नव्हते. या परिस्थितीत चौऱ्याऐंशी तासांची गोष्ट करणे चैनीचे वाटेल. परंतु या जोडीतील अर्धा भाग असा आहे की, ज्याला कायद्याची बंदी नाही, ज्यावर कोणाचे पेटंट नाही आणि जो गोव्यासारख्या आपल्या शेजारच्या राज्यात कसोटीला उतरला आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी संवाद साधण्याचे काम वैद्यकाची पदवी नसलेल्या, परंतु नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांवर सोपविण्यात आले. बैठका सहा ते आठ, प्रत्येकी अर्ध्यापाऊण तासाच्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले; नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. व्याधी वेगळी, रुग्ण वेगळे. तेव्हा अमेरिकेतील आकड्यांशी यांची थेट तुलना होऊ शकत नाही. शिकविलेल्या माणसाने नियमाने ऐकून घेतले तर दुखणे हटते, आणि हे काम सरकारी केंद्रात होऊ शकते, एवढे मात्र सिद्ध झाले.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासनाच्या खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. तो हक्क म्हणजे रांगेत उभे राहून हाती पडलेली गोळ्यांची पुडी नव्हे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पूर्ण वेतनावर नेमलेला समुपदेशक असावा, त्याच्या कामावर जिल्ह्याच्या मनोविकारतज्ज्ञाची देखरेख असावी, आणि हे काम आधीच वाकलेल्या आशा सेविकांच्या माथी मानधनावर मारले जाऊ नये, या मागण्या कार्यकर्त्यांनी जिल्हा परिषदेपासून विधानसभेपर्यंत नेल्या पाहिजेत. नव्या औषधांचे संशोधन सार्वजनिक संस्थांनी सार्वजनिक पैशाने, रुग्णाच्या पूर्ण संमतीने आणि सर्व निष्कर्ष उघड ठेवून करावे, असाही आग्रह धरला पाहिजे. उद्या ही औषधे सुरक्षित ठरली आणि या देशात आली, तर संवादाची व्यवस्था आधीच उभी असेल तेथेच गरिबाला त्यांचा उपयोग होईल. ती नसेल, तर वेबर्नमध्ये रुग्णाच्या उशाशी बसलेल्या परिचारिकेची जागा औषधाच्या बिलाने घेतलेली असेल.