झग्यावरचं गाव

पॅलेस्टाईन आपल्यापासून फार लांब. तरी तिथल्या बायांच्या भरतकामाबद्दल आम्हाला बोलायचंय. त्याला तिकडे 'तत्रीज' म्हणतात. पायघोळ झगा, त्यावर छातीशी दाट भरलेले फुलीचे टाके, सरूची झाडं, चांदण्या. आई लेकीला शिकवते. पूर्वी झगा बघून बाई कुठल्या भागातली, कधी तर कुठल्या गावची, हेही कळायचं.

१९४८ साली ७ लाखांवर लोकांना घरदार सोडावं लागलं. ४००च्या वर गावं उजाड झाली. बाया छावण्यांत राहिल्या, पण टाका सोडला नाही. नकाशावरून पुसलेलं गाव झग्यावर राहिलं. पुढे इस्रायलच्या ताब्यातल्या मुलखात झेंडा लावायलाच बंदी होती. तेव्हा १९८७ च्या उठावात बायांनी झेंड्याचे रंग, देशाचा नकाशा झग्यावरच भरला. ही हुशारी कुठल्या पुढाऱ्यानं शिकवलेली नाही.

२०२१ साली युनेस्कोनं हे भरतकाम वारशाच्या यादीत घेतलं. बरं झालं. पण कलेला टाळ्या द्यायच्या, आणि त्याच बायांनी गावी परतायचा हक्क मागितला की मान फिरवायची, हे आम्हाला पटत नाही.